जीपचा आवाज गेला, मामा

सोलापूर
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामा आणि मामी यांना दिपकचा जयभीम.

सात महिने पत्र नाही, म्हणून आधी माफी मागतो. मामींची मागतो. मामांची मागायची की नाही यावर वहीत दोन पानं लिहिली आणि शेवटी 'नाही' असं ठरलं. का ते पुढे येईलच. तब्येती कशा आहेत? मामींच्या गुडघ्याला तो निर्गुडीचा लेप लागू पडला का? मामांची कंबर काय म्हणते? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण मामा दुसऱ्याच वाक्याला "टावर न्हाय, आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवून देतात. (टॉवर तुमच्या परसाला लागूनच उभा आहे. त्याच्या कुंपणावर मामी गोधड्या वाळत घालतात. पण असो.) शिवाय मामींनी पत्र वाचायचं आणि मामांनी ओट्यावर सुपारी कातरत ऐकायचं, ही तुमच्या घरची रीत मला लहानपणापासून आवडते. अलीकडे मामी इतक्या मोठ्याने वाचतात की समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातं, असं कळलं. जाऊ दे. या वेळी मला साक्षीदार हवेच आहेत.

मामा, तुम्ही एप्रिलमधलं बोलणं विसरला असाल. मी विसरलेलो नाही, कारण मी लिहून ठेवतो. चौदा तारखेला नातेपुत्यात मिरवणूक झाली. गेली बावीस वर्षं बाबासाहेबांची तसबीर ज्या जीपमधून निघते ती तुमची जीप, एसटीतून निवृत्त झाल्यावर सरकारी लिलावात घेतलेली. दुसऱ्या दिवशी आपण तिघं त्याच जीपने माळशिरसला निघालो. मी चालवत होतो. काटा चाळीसच्या पुढे गेला की मागून म्हैस हंबरल्यासारखा आवाज यायचा. तुम्ही मागे वळून सीटखालच्या पत्र्यावर हात ठेवलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "क्राऊन-पिनियन गेलं." (पूर्वी तुम्ही अशा वेळी कान लावायचात. हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तसं त्या दिवशीच वहीत लिहिलेलं आहे.) मामी, वाचता वाचता तुम्हाला कंटाळा येऊ नये म्हणून सांगतो: मागच्या दोन चाकांच्या मधोमध खाली जो लोखंडी भोपळा दिसतो, त्याच्या आत एक मोठं दातेरी चक्र असतं ते क्राऊन, आणि त्याला फिरवणारं लहान दातेरी ते पिनियन. इंजिनाचं फिरणं या दोघांपाशी काटकोनात वळतं आणि चाकांना मिळतं. दोघांचे दात एकमेकांत नीट बसले तर गाडी मुकाट चालते, नाहीतर हंबरते. एवढीच सगळी विद्या आहे, पण तेवढ्यासाठीच मामांनी चाळीस वर्षं डेपोत हात काळे केले, आणि त्याचा मला आदर आहे. पुढचं वाचताना हे वाक्य लक्षात असू द्यावं.

तर संध्याकाळी अंगणात सगळे पाहुणे बसलेले असताना मी म्हणालो, मामा, मी बदलतो, घरीच, दिवाळीच्या सुट्टीत; पुस्तक मिळवतो, टिपणं काढतो. त्यावर तुम्ही सुपारीचं खांड गालात सारून म्हणालात, "वहीत लिवून गाड्या नीट होत असत्या तर डेपोनं कारकूनच भरले असते की." पाहुणे हसले. मामी, तुम्हीही हसलात. पदराआड हसलात, पण हसलात. वर मामांनी पैज लावली की एक डिसेंबरपर्यंत आवाज घालवून गाडी नातेपुत्यात आणलीस तर जीप तुझी, मी पुढच्या सीटवर बसून सोलापूरला येतो आणि तुझ्या गल्लीत चार माणसांसमोर म्हणतो की भाच्यानं केलं. न्हाय तर त्याच दिवशी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. मला राग जीपचा आला नाही. पुढच्या चौदा एप्रिलला तसबीर टेम्पोतून निघेल आणि त्याला कारण माझी वही ठरेल, याचा आला. तो अजून उतरलेला नाही. त्याच रागात जीप हंबरत्या आवाजासकट सोलापूरला आणली.

गल्लीतल्या प्रत्येकाने सल्ला दिला की गॅरेजला टाका, दोन दिवसांत देतील. गॅरेजला दिली तर ती पैज जिंकणं होईल की फसवणूक, यावर मी आठवडाभर विचार केला. शब्दशः पाहिलं तर मामा 'आवाज घालवून आणलीस' एवढंच म्हणाले होते. स्वतः घालवलास असं म्हणाले नव्हते. पण भावार्थ पाहिला तर फसवणूकच. म्हणून घरीच. विजापूर रस्त्याला हारूनभाईंचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं आवार आहे, तिथे गेलो. त्यांनी एका मोडलेल्या जीपमधून काढलेली जोडी समोर ठेवली, दात स्वच्छ, दोघांवर एकच आकडा कोरलेला. मी चौकसपणे विचारलं, नुसतं क्राऊन मिळेल का, पिनियन कदाचित आमचंच चांगलं असेल. हारूनभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला ओशाळल्यासारखं झालं. म्हणाले, "सर, ही जोडी एकमेकावर घासून तयार हुती. येकाला काडून दुसऱ्याच्या गळ्यात बांदली की जलमभर कुरकुर." हे पुस्तकातही होतं, पण इतक्या थोडक्यात नव्हतं. मी जोडी घेतली.

दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी जीप दारासमोर सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवली. (गल्ली अरुंद. शेजारच्या तिघांकडून त्यांच्या स्कूटरी लावायला अडचण होईल याबद्दल लेखी संमती घेतली. तुमची भाचेसून चैताली म्हणाली, तोंडी विचारलं असतं तरी चाललं असतं. चाललं असतं, पण मला झोप आली नसती.) मागचं झाकण खोललं, डांबरासारखं तेल घमेल्यात घेतलं, दोन्ही चाकांचे दांडे ओढून काढले आणि क्राऊन बाहेर आलं. ते वजनाला एवढं आहे की ते माझ्या पोटावर आलं आणि आम्ही दोघं थोडा वेळ तसेच पडून राहिलो. जुन्या दातांबद्दल इथे काही लिहीत नाही. ते पोत्यात घातले, पोत्याचं तोंड बांधलं. मापं घेण्यासाठी कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतला स्क्रू गेज लागणार होता. मीच त्या प्रयोगशाळेचा सहायक, किल्ली माझ्याच खिशात. तरीही प्राचार्यांना रीतसर अर्ज केला. 'कारण' या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. प्राचार्यांनी विचारलं, घरात काय मोजायचं आहे? मी म्हणालो, मामांचा शब्द. त्यांनी सही केली, पण चष्म्यावरून पाहत केली.

मामा, आता तुम्हाला वाटत असेल की दाब यंत्राशिवाय पिनियनवर बेअरिंग कसं चढवलं. डेपोत तुमच्याकडे ते यंत्र होतं. माझ्याकडे चैतालीची कुरडया तळायची कढई होती आणि फ्रीज होता. पिनियन रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं म्हणजे आकसतं. बेअरिंग तेलात तापवलं म्हणजे फुगतं. मग एक दुसऱ्यावर अलगद जातं. कॉलेजात हे धातूच्या गोळ्याचा आणि कड्याचा प्रयोग म्हणून मी शेकडो मुलांना दाखवलं आहे. चैताली सकाळी मटार काढायला गेली आणि तिचा हात पिनियनला चिकटला. तिने तो कोमट पाण्याखाली धरून सोडवला. कढईच्या वेळी म्हणाली, "यात आता कुरडया तळल्या तर त्या गाडीत घालायच्या की ताटात?" मी तिला नवी कढई आणून दिली, जुनी आता औजारांत आहे. पण बेअरिंग चढलं, मामा. हातोड्याचा एकही घाव न घालता चढलं. त्याआधीच्या, दात जुळवून पाहायच्या चाचण्यांसाठी दुसरं एक जुनं बेअरिंग आतून घासून सैल करून ठेवलं, म्हणजे दर वेळी ते हाताने निघतं. ही युक्ती तुम्हीसुद्धा वापरत नव्हतात. लिहून ठेवणाऱ्या माणसाला सुचली.

आता मुख्य गोष्ट, आणि मामी, इथून जरा गिरणीपर्यंत जाईल असंच वाचा. दात एकमेकांवर नेमके कुठे टेकतात हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून चार दातांना तेलात कालवलेला रंग फासायचा, चाक हाताने फिरवायचं आणि रंग कुठे पुसला गेला तो ठसा पाहायचा. ठसा दाताच्या मधोमध हवा. खाली सरकला तर पिनियन फार आत गेलं, वर सरकला तर बाहेर राहिलं. मग त्याच्या मागच्या पापडाहून पातळ पत्र्याच्या चकत्या कमीजास्त करायच्या आणि पुन्हा रंग फासायचा. मी बारा वर्षांचा असताना तुम्ही मला डेपोत घेऊन गेला होतात. तुमच्या बाकावर डालड्याच्या डब्यात केशरी-लाल रंग होता. मी विचारलं हे काय. तुम्ही म्हणालात, "डेपोचा रंग हाय." मी तीस वर्षं तसंच समजत होतो. या दिवाळीत पुस्तक उघडलं, तर त्यात लिहिलेलं: शेंदूर. मामा, तुम्ही, ज्यांनी आमच्या मुंजाबाच्या शेंदरी दगडाला हात जोडले म्हणून माझ्या बाबांशी वर्षभर अबोला धरला होतात, ते तुम्ही चाळीस वर्षं रोज सकाळी शेंदूर कालवत होतात. मला यात काही चूक वाटत नाही. पण 'डेपोचा रंग' म्हणणं, हे मात्र मी वहीत दोनदा अधोरेखित केलं आहे.

मी वहीच्या प्रत्येक पानाखाली उद्याचं एकच काम लिहितो (दोन लिहिली तर एकही होत नाही). त्या दिवशी लिहिलं: 'उद्या: शेंदूर आणणे.' ते चैतालीने वाचलं आणि दिवसभर माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघत राहिली. मधल्या मारुतीजवळ पूजेच्या सामानाचं दुकान आहे, गुरुशांत नावाचे गृहस्थ चालवतात. त्यांनी आपुलकीने विचारलं, कुठल्या देवाला? खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगायला वेळ लागला असता. मी म्हणालो, मागच्या चाकांच्या मधल्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "गाडीवर बसवताय व्हय. लई चांगलं." आणि शेंदराच्या पुडीबरोबर रुईच्या पानांची एक माळ आपल्याकडून फुकट दिली. ती नाकारली असती तर त्यांचा अपमान, फेकली असती तर त्यांच्या भावनेचा, घरात आणली तर माझ्या विचारांचा. शेवटी जॅकच्या दांड्याला अडकवून ठेवली, म्हणजे ती कुठेच नाही असं मी स्वतःला समजावलं.

त्या दुपारी आमच्या ओसरीवर पुढीलप्रमाणे दृश्य होतं. उंची बरोबर यावी म्हणून क्राऊन पाटावर ठेवलेलं. त्याच्यावर टेबलाचा दिवा सोडलेला. चार दात शेंदराने माखलेले. शेजारी जॅकवर रुईची माळ. आणि समोर मी, गुडघे टेकून, कपाळ जवळजवळ जमिनीला लावून, कारण ठसा खालच्या बाजूने पाहावा लागतो. दार उघडं होतं. गल्लीतून कोण कोण गेलं मला माहीत नाही, पण तासाभरात आबासाहेब येऊन उभे राहिले. मामी, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. आमच्या विहाराच्या समितीतले, पंचाहत्तरीचे, बंद पडलेल्या कापड मिलमध्ये तीस वर्षं फिटर होते. मागांच्या खडखडाटात कान गेले म्हणून कानाला मशीन लावतात, आणि कुणी फार बोलायला लागलं की ते हळूच बंद करतात.

ते म्हणाले, "काय चाललंय सर?"

मी म्हणालो, ठसा बघतोय.

"गल्लीत काय बोलत्यात ठावं हाय का? सरनं घरात बसवलाय म्हणत्यात."

मी म्हणालो, कोण बसवलाय?

"त्येच इचारायला आलोय."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. इंजिन, काटकोन, पिनियनची खोली, तुमची पैज, डालड्याचा डबा. अर्ध्या तासाने लक्षात आलं की ते एकाच तालात मान हलवत आहेत, म्हणजे मशीन बंद आहे. पण माझ्या शब्दांपेक्षा त्यांचे डोळे चांगले. ते पाटासमोर उकिडवे बसले, दातावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "आरं, हे तर आमी मिलमधी करायचो की. मागाच्या चक्रांना. पन आमी नीळ लावायचो." मग माळेकडे, शेंदराकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहून म्हणाले, "नीळ लाव की लेका. आपल्या गल्लीत निळीला काय तोटा हाय?"

चैतालीने पांढऱ्या साडीला लावायची निळीची पुडी आणून दिली. मी शेंदूर रॉकेलने पुसला (आणि हात साबणाने तीनदा धुतले, शेंदरात शिसं असतं, हे तुम्हाला डेपोने कधी सांगितलं नसेल), नीळ तेलात कालवली आणि लावली. देव बघायला जमलेली माणसं मग ठसा बघायला थांबली. खरं सांगायचं तर निळीचा ठसा शेंदरापेक्षा सुबक उमटतो. अकरा वेळा पिनियन काढलं, अकरा वेळा चकत्या बदलल्या, आणि हे एका दिवसात झालं नाही. सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं, तरी रोज संध्याकाळी पाच ते सात ओसरीवर बैठक भरत होती. पाचव्या ठशापर्यंत गल्लीतल्या बायासुद्धा "अजून वर हाय" असं लांबूनच सांगायला लागल्या. अकराव्यांदा आबासाहेबांनी बराच वेळ पाहिलं, मशीन चालू केलं, "हां. आता मधी बसला" म्हणाले आणि पुन्हा बंद केलं. त्या दिवशी मी त्यांना एक गोष्ट ठासून सांगितली, मशीन बंद असल्याचा फायदा घेऊन: शेंदराने दात तपासले म्हणून मी कुणाचा भक्त होत नव्हतो, आणि निळीने तपासले म्हणून फार मोठा शहाणाही झालो नाही. रंग तो रंग. पण वाद घालायची ताकद उरली नव्हती, आणि नीळ दिसतेही छान.

शुक्रवारी जीप ठोकळ्यांवरून उतरवली. आबासाहेबांना शेजारी घेऊन पुणे रस्त्याने चिंचोळी एमआयडीसीपर्यंत गेलो आणि आलो. शनिवारी एक बारीकसं काम उरलं होतं, ते केलं. आज सकाळी पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. चाळीस, पन्नास, साठ. मामा, आवाज नाही. इतका नाही की आबासाहेबांनी मशीन दोनदा चाचपून पाहिलं. वेग, वेळ, हवा, चाकांतला दाब, सगळं वहीत आहे आणि खाली आबासाहेबांची सही आहे.

तेव्हा आता ऐका. येत्या रविवारी, एक डिसेंबरला, सकाळी नऊला मी जीप घेऊन नातेपुत्यात तुमच्या दारात उभा राहतो. तुमचा भंगारवाला आधी आला तर त्याला चहा पाजा आणि बसवून ठेवा. त्यालाही बघू दे. माझ्याबरोबर वही आहे. कारकुनाने केलेलं काम बघायचं धाडस असेल तर पुढच्या सीटवर बसा आणि सोलापूरला चला. बोलल्याप्रमाणे चार माणसांसमोर म्हणा. चार कशाला, आमच्या गल्लीत चाळीस जमतील, सगळ्यांना ठसा कळतो. आणि नसेल यायचं तर तसं कळवा. टॉवरचं कारण मी घेणार नाही.

मामींना वेगळा जयभीम. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
दिपक

ता. क. झाकणाच्या दहा बोल्टांपैकी एक शेवटचा पाव फेरा नीट घेत नाही. तेल गळत नाही. पिनियनचा नट मी किती आवळला हेही पुस्तकाप्रमाणे आहे, पण पुस्तक आणि हात यांत फरक असतो असं तुम्हीच म्हणायचात. मी तुम्हाला तपासायला बोलावत नाही. फक्त लपवलं असं व्हायला नको म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरं, मामींसाठी, वेगळ्या कागदावर.

मामी, ही चिठ्ठी वाचून दाखवायची नाही. मामांनी विचारलं तर चैतालीने शेंगांच्या चटणीची कृती पाठवली म्हणून सांगा. (ते खोटं ठरू नये म्हणून मागच्या बाजूला तिच्याकडून खरोखरच लिहून घेतली आहे.)

पत्रात लिहिलेलं सगळं खरं आहे. एकच गोष्ट गाळली. जुन्या क्राऊनला काहीही झालेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी पोत्यात घालताना दिसलं, दात नव्यासारखे. मी तासभर ते मांडीवर घेऊन बसलो आणि शेवटी माझे डोळे चुकत असतील असं ठरवलं, कारण क्राऊन गेलं असं मामा म्हणाले होते. शुक्रवारी एवढं सगळं बदलून रस्त्यावर गेलो तर जीप एप्रिलसारखीच हंबरली. आबासाहेबांनी मशीन थोडं फिरवलं, ऐकलं आणि म्हणाले, "क्राऊन न्हाय हे. डाव्या चाकाची बेरिंग हाय." मी ते काढून तसंच परत बसवलं होतं, हाताने फिरवूनसुद्धा पाहिलं नव्हतं. शनिवारचं बारीकसं काम ते. अर्धा दिवस लागला आणि आवाज गेला.

ज्या माणसाने डेपोच्या फाटकात उभं राहून आत येणाऱ्या गाडीचं कुठलं चाक बोलतंय ते सांगितलं, त्याने या वेळी पत्र्याला हात लावून सांगितलं. मामी, टॉवर चांगला आहे. तुम्हालाही माहीत आहे, नाहीतर तुम्ही गिरणीपर्यंत वाचला नसता.

दवाखान्यात चला म्हटलं तर ते येणार नाहीत. माझ्या चुका काढायला मात्र नक्की येतील. म्हणून पत्र इतकं उद्धट लिहिलं. तो बोल्ट खरा आहे, पण तो लिहिला याचसाठी. तुम्ही त्यांना शांत करू नका. हवं तर दोन वाक्यं पदरची घाला. दोन दिवसांचे कपडे भरून ठेवा. सोमवारी आबासाहेब मशीन तपासायला त्यांच्या कानाच्या डॉक्टरांकडे जातात, ते मामांना सोबतीला म्हणून नेतील. दोघं एकमेकांच्या कामाला नावं ठेवत जातील, आणि तिथे बसल्या बसल्या मामांचेही कान पाहून होतील, असं डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. मशीन लागलं तर लागलं. त्यावर नातेपुत्यात कुणी हसलं तर मला त्याचं नाव कळवा, मी वहीत लिहीन आणि मग भेटायला येईन.

राहिलं एकच. मामा आल्या आल्या चहाच्या आधी म्हणतील, जुनं क्राऊन दाव. शेंदूर विकणाऱ्या अनोळखी माणसाशी मला खोटं बोलता आलं नाही. यावर काल दुपारपासून वहीत सहा पानं लिहिली, दोन्ही बाजूंनी. आज ती फाडली. वहीची पानं मी आयुष्यात पहिल्यांदा फाडली. रोजच्या सवयीने उद्याचं काम मात्र लिहायला हवं, आणि वहीत ते ठेवता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

उद्या: हारूनभाईंकडून दात पार झिजलेलं एक क्राऊन आणणे.